ऐंशी लिटर

शुक्रवार, ५ ऑगस्ट २०१६. रिओ डी जानेरो. दुपारचे ४. अजून ९६ तास.

मारिया लेंक जलतरण केंद्रातलं पाणी निळं आहे.

केंद्र २००७ च्या पॅन अमेरिकन स्पर्धेसाठी बांधलेलं. नाव मारिया लेंक यांचं. १९३२ साली लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये पोहायला उतरलेल्या त्या दक्षिण अमेरिकेतल्या पहिल्या महिला. २००७ च्या एप्रिलमध्ये, वयाच्या ९२ व्या वर्षी, रोजच्यासारख्या पोहायला गेल्या असतानाच त्या गेल्या.

केंद्रात दोन तलाव शेजारी शेजारी आहेत. एक डायव्हिंगचा, दुसरा वॉटर पोलो आणि तालबद्ध जलतरणाचा. वर छप्पर नाही.

या दिवशी देखभालीच्या कंत्राटदाराकडून पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं जातं. आयोजकांनी नंतर जाहीर केलेला आकडा ८० लिटरचा आहे.

पेरॉक्साइड हे विष नव्हे. काही तलावांत जंतू मारायला क्लोरीनऐवजी तेच वापरतात. ऐवजी वापरतात, सोबत नाही. इथे पाण्यात क्लोरीन आधीपासून होतं.

५ ऑगस्ट. रात्रीचे ८. अजून ९२ तास.

माराकाना स्टेडियममध्ये उद्घाटन सुरू होतं. भारतात शनिवारची पहाट, साडेचार. संचलनात तिरंगा अभिनव बिंद्राच्या हातात आहे.

पाण्यातलं काम तोवर उरकलेलं आहे. पेरॉक्साइड आणि क्लोरीन भेटले की वाट बघत नाहीत. पेरॉक्साइड क्लोरीनला निकामी करतं, प्राणवायूचे बुडबुडे वर येऊन जातात, खाली क्षार आणि पाणी उरतं. क्षाराला रंग नाही, वास नाही. पाणी आधी जितकं निळं होतं तितकंच निळं राहतं. फरक एवढाच की आता त्यात पहारेकरी नाही.

चेन्नई. हेच ९२ तास, छोट्या मापात.

हे आकड्यांत बघायला ऑलिंपिकचा तलाव फार मोठा पडतो. त्यासाठी चेन्नईतलं अंगण बरं.

शहराच्या दक्षिणेला, ईस्ट कोस्ट रोडच्या बाजूच्या घरांतून, उन्हाळ्यात मुलांसाठी जमिनीवर मांडायचे पूल दिसतात. वरचं कडं फुगवायचं, पाईप लावायचा, की झाला. ३ मीटर व्यास आणि ६० सेंटीमीटर पाणी धरलं तर हिशेब साधारण ४,२०० लिटरचा होतो. पाणी बोअरचं, नाहीतर टँकरचं. इथे टँकरला ‘तण्णी लॉरी’ म्हणतात.

या ४,२०० लिटरमध्ये क्लोरीन किती लागतं? लिटरला ३ मिलिग्रॅम, म्हणजे सगळं मिळून साडेबारा ग्रॅमच्या आसपास. बाजारातल्या ब्लीचिंग पावडरमध्ये तिसरा हिस्सा कामाचं क्लोरीन धरलं तर ४० ग्रॅम पावडर. दोन-तीन चमचे.

आता कोणीतरी म्हणतं, क्लोरीन मुलांच्या डोळ्यांना झोंबतं, त्यापेक्षा औषधाच्या दुकानातलं पेरॉक्साइड टाकू या, जखमेवर लावतात तेच, सौम्य असतं. बाटलीवर ६ टक्के लिहिलेलं असतं. त्यातलं फक्त १०० मिलिलिटर, म्हणजे अर्धा पेला, त्या पुलातलं सगळं साडेबारा ग्रॅम क्लोरीन संपवायला पुरतं. पूर्ण बाटली ओतली तर दुसऱ्या दिवशी टाकलेल्या ब्लीचिंग पावडरचाही निकाल लागतो आणि टाकणाऱ्याला वाटतं, पावडर जुनी निघाली.

शनिवार, ६ ऑगस्ट. दुपारचे ४. अजून ७२ तास.

पाणी निळं.

डायव्हिंगच्या स्पर्धा उद्यापासून आहेत. आज सराव.

शहराच्या दुसऱ्या टोकाला, लागोआच्या सरोवरावर, सकाळी चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ एकेरी रोइंगची पहिली शर्यत वल्हवून आला आहे. घरी विहिरी खणायचं काम. गाव दुष्काळी. सैन्यात भरती झाल्यावर त्याने पहिल्यांदा वल्हं हातात घेतलं आणि सुरुवातीला त्याला पाण्याचीच भीती वाटायची. रिओला जाणाऱ्या खेळाडूंना तेव्हा इथल्या पाण्याबद्दल पुष्कळ सांगितलं जात होतं: ग्वानाबारा खाडीतला मैला, सरोवरातले मेलेले मासे. स्पर्धेआधीची कित्येक महिन्यांची चिंता या उघड्या पाण्यांची होती. चार भिंतींच्या आत, पंप, गाळण्या आणि कंत्राटदार असलेल्या पाण्याची चिंता कोणी केली नव्हती.

रविवार, ७ ऑगस्ट. दुपारचे ४. अजून ४८ तास.

महिलांची ३ मीटर स्प्रिंगबोर्ड, जोडीची अंतिम फेरी. चीनच्या वू मिनशिया आणि शी तिंगमाओ पहिल्या. वू मिनशियाचं हे पाचवं ऑलिंपिक सुवर्ण. डायव्हिंगमध्ये तिच्याआधी तिथवर कोणी पोचलं नव्हतं. इटलीला रौप्य, ऑस्ट्रेलियाला कांस्य.

जगभरच्या छायाचित्रांत पाणी निळंच आहे.

शेवाळाचा बीजकण डोळ्यांना दिसत नाही. तो वाऱ्याबरोबर येतो, पक्ष्याबरोबर येतो, माणसाच्या अंगाबरोबर येतो. क्लोरीन असेल तर उतरताक्षणी मरतो. नसेल तर दुप्पट होतो, मग चौपट. पहिल्या दहा-बारा दुपटींपर्यंत पाण्यावर काही उमटत नाही. ही वाढ कागदावर काढली तर रेघ बराच वेळ जमिनीलगत सरपटते आणि मग एकाएकी उभी राहते. उघड्यावरच्या पाण्यात हे सगळं ऊन करतं, कारण शेवाळाचं अन्न ऊनच.

क्लोरीनचा शत्रूही ऊनच. पाण्यात क्लोरीन टिकवणारं स्थिरक नसेल तर कडक उन्हात दोन-तीन तासांत बहुतेक क्लोरीन उडून जातं. चेन्नईच्या मे महिन्यात सकाळी ७ ला टाकलेली पावडर ११ वाजता नावालाच उरते. म्हणून तिथे जाणते लोक पावडर सूर्य मावळल्यावर टाकतात. नवखा माणूस ती सकाळी टाकतो, कारण पोरं दहा वाजता उतरणार असतात.

सोमवार, ८ ऑगस्ट. दुपारचे ४. अजून २४ तास.

पुरुषांची १० मीटर प्लॅटफॉर्म, जोडीची अंतिम फेरी. चीनचे चेन आयसेन आणि लिन युए सुवर्ण घेतात. अमेरिकेला रौप्य. ब्रिटनचे टॉम डेली आणि डॅन गुडफेलो तिसरे. दोघे आनंदाने पाण्यात उड्या घेतात.

पाणी निळं. छायाचित्रं आजही उपलब्ध आहेत, वाटलं तर पाहून घ्यावीत. बाधा झाल्यावरचा चौथा दिवस, आणि रंगात काही दिसत नाही.

या घटनाक्रमातली महत्त्वाची तारीख मला हीच वाटते, ९ ऑगस्ट नव्हे. या चार दिवसांत पाण्याने सूचना द्यायची ती एकाच मार्गाने दिली असती: नमुना काढून त्यात काम करणारं क्लोरीन किती आहे ते मोजलं असतं तर. डोळ्यांनी बघण्यात काही चूक नव्हती. डोळ्यांना दिसेल असं काही पाण्यात अजून नव्हतं.

चेन्नई. २४ तास आधीचं छोटं पाणी.

छोट्या पुलाला एवढा धीर नसतो. ४,२०० लिटर, पाण्याचं तापमान तिशीच्या वर, दिवसभर ऊन, सहा मुलं, पायांची माती, अंगावरचं तेल, सनस्क्रीन. तिसऱ्या दिवशी पाण्याचं तेज जातं. अजून हिरवं नाही. तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखं. उभं राहून खाली पाहिलं तर तळाची शिवण पुसट दिसते. हात फिरवला तर बाजूचं प्लास्टिक बुळबुळीत लागतं.

ही सूचना आहे आणि ती स्पष्ट आहे. या घटकेला करायचं ते कंटाळवाणं आहे. पोरांना बाहेर काढायचं. पट्टीने पाण्याचा सामू (पीएच) तपासायचा, ७.२ ते ७.६ च्या मध्ये असला पाहिजे, कारण त्याच्या वर गेला की क्लोरीन पाण्यात असूनही आळशी होतं. मग संध्याकाळी क्लोरीनचा जोराचा डोस, लिटरला १० मिलिग्रॅम, म्हणजे १३० ते १४० ग्रॅम पावडर, बादलीत आधी कालवून, गाळ बसू देऊन, वरचं पाणी तेवढं ओतायचं. तळ आणि बाजू ब्रशने घासायच्या. पंप रात्रभर चालू. सोबत मिळणारा छोटा पंप ताशी हजार-बाराशे लिटर पाणी फिरवतो. म्हणजे सगळं पाणी गाळणीतून एकदा जायला चार तास. एकदा जाऊन भागत नाही. गाळणी सकाळी काढून धुवायची, परत लावायची, आणि थांबायचं. चोवीस तास, कधी अठ्ठेचाळीस.

थांबणं कोणाला जमत नाही. म्हणून या चोवीस तासांत पुलात काय काय जातं ते बघण्यासारखं असतं.

आधी तुरटी. तुरटी वाईट नाही; कोयना, गोदावरी, कावेरी, सगळ्या पाण्यांना आपल्या माणसांनी ती फिरवलेली आहे. आपल्याकडे निवळीची बी मडक्याच्या आत घासायचे, तमिळ घरांत तीच ‘तेत्तान कोट्टै’. पण मडकं रात्रभर हलत नाही. तुरटी टाकून पंप चालू ठेवला तर गाळाचे जमलेले पुंजके पुन्हा फुटतात, नाहीतर कागदी गाळणीत जाऊन ती चोंदवतात. पंप बंद ठेवून, ४०-८० ग्रॅम टाकून, सकाळी तळाचा गाळ नळीने बाहेर ओढला तरच उपयोग. त्यातून तुरटी पाण्याचा सामू बदलते, तो पुन्हा मोजावा लागतो.

मग शेजारी सांगतो म्हणून शेवाळनाशक. मग आणखी पावडर. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर पावडर पडताच पाणी चहासारखं तांबूस होतं आणि घरात घबराट. मग कोणीतरी संडास धुवायचं अ‍ॅसिड आणतं, सामू कमी करायला म्हणून. तेही वेगळं, पातळ करून, मोजून टाकलं तर चालतं. पावडर कालवलेल्या त्याच बादलीत ओतलं तर बादलीतून हिरवट-पिवळा क्लोरीन वायू उठतो. तो हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरतो. मुलांचं नाक त्याच उंचीला असतं. पांढुरक्या पाण्यामुळे कोणी दवाखान्यात जात नाही. बादलीमुळे जातात.

सोमवार, ८ ऑगस्ट, रात्र. अजून १६ तास आणि काही.

रिओत हिवाळा, पण सौम्य. तलाव गरम ठेवलेला असतो. डायव्हिंग करणाऱ्यांना गार पाणी चालत नाही.

स्टेडियम रिकामं आहे.

मंगळवार, ९ ऑगस्ट. दुपारचे ४. शून्य.

भारतात रात्रीचा साडेबारा वाजून गेलेला, तारीख १० लागलेली. दत्तू भोकनळची उपांत्यपूर्व शर्यत त्या दिवशी होऊन गेली आहे. चौथा आल्यामुळे तो पदकाच्या वाटेवरून बाहेर पडला. ज्यांनी त्यासाठी टीव्ही लावला होता त्यांच्यापैकी काही जण अजून जागे असतील.

महिलांची १० मीटर प्लॅटफॉर्म, जोडीची अंतिम फेरी. पडद्यावर दोन तलाव एकाच चौकटीत दिसतात. शेजारचा निळा. डायव्हिंगचा हिरवा.

फिकट हिरवा नव्हे. तळ दिसत नाही असा हिरवा. स्पर्धा पुढे सरकते तसा तो आणखी गडद होत जातो.

स्पर्धा थांबवली जात नाही. १० मीटरवरून सुटलेलं शरीर १.४ सेकंदांत पाण्याला लागतं, वेग ताशी ५० किलोमीटर. एवढ्या वेळात गिरक्या मोजत खेळाडू पाणी कुठे आहे ते नजरेने धरत असतो. म्हणून तर तलावाच्या पृष्ठभागावर फवारे मारून लाटा उठवून ठेवतात, स्थिर पाणी वरून दिसत नाही. पृष्ठभाग हिरवा असला तरी दिसतो. पृष्ठभागाखाली काय आहे ते दिसत नाही.

चीनच्या चेन रुओलिन आणि लिऊ हुइशिआ पहिल्या येतात. मलेशियाच्या चोंग जुन हूंग आणि पंडेलेला रिनोंगला रौप्य, कॅनडाच्या मेगन बेनफेटो आणि रोझलिन फिलियनला कांस्य. चेन रुओलिनचंही हे पाचवं सुवर्ण. वू मिनशियाला दोन दिवसांपूर्वी निळं पाणी मिळालं होतं.

टॉम डेली समाजमाध्यमावर छायाचित्र टाकून विचारतो, हे काय झालं? आयोजक सांगतात की पाणी तपासलं आहे, खेळाडूंना धोका नाही, कारण शोधत आहोत.

बुधवार, १० ऑगस्ट. सकाळ. शून्यानंतर १६-२० तास.

आता खुलासे सुरू होतात, आणि एकाच पाण्याला एका आठवड्यात तीन कारणं मिळतात.

पहिलं, पाण्याची क्षारता अचानक बदलली. प्रवक्ते मारिओ आंद्रादा मान्य करतात की एवढे खेळाडू पाण्यात उतरल्यावर काय होईल याचा पुरता अंदाज घेतला गेला नाही. दुसरं, आंतरराष्ट्रीय जलतरण महासंघाचं: शुद्धीकरणाच्या टाक्यांमधली काही रसायनं संपली, त्यामुळे पाण्याचा सामू नेहमीच्या पट्ट्याबाहेर गेला आणि रंग बदलला. तिसरं अजून तीन दिवस लांब आहे.

पाणी लवकरच निळं होईल असंही सांगितलं जातं.

१० ऑगस्ट. दुपारचे ४. २४ तास.

पाऊस आणि वारा. रोइंग रद्द झालं आहे. पुरुषांची ३ मीटर स्प्रिंगबोर्ड, जोडीची अंतिम फेरी हिरव्या पाण्यातच होते आणि ब्रिटनचे जॅक लॉफर आणि क्रिस मिअर्स जिंकतात. डायव्हिंगमधलं ब्रिटनचं हे पहिलंच सुवर्ण. विजयाच्या प्रत्येक छायाचित्रात खाली ते पाणी.

आज शेजारचा तलावही हिरवा पडू लागला आहे. म्हणजे ‘हा एका तलावाचा दोष’ असं म्हणायची सोय संपली.

त्याच तलावात वॉटर पोलोचे सामने चालू आहेत. आता पाण्यात क्लोरीन वाढवलं जातं, आणि तक्रार उलट्या बाजूने येते: डोळे जळतात. अमेरिकेच्या संघाचा कर्णधार टोनी अझेवेडो, जन्माने रिओचाच, सामना संपता संपता डोळे उघडे ठेवणं अवघड झालं होतं असं सांगतो.

शुक्रवारी क्लोरीन मारलं, बुधवारी ते वर्मी लागेल इतकं ओतलं. चेन्नईच्या अंगणात हाच क्रम एका दुपारी पुरा होतो. रिओत पाच दिवस लागले, कारण पाणी जास्त होतं.

शुक्रवार, १२ ऑगस्ट. सकाळ.

डायव्हिंगचा तलाव सरावासाठी बंद. पाणी हलू नये म्हणून. दुपारी मात्र महिलांच्या स्प्रिंगबोर्डची प्राथमिक फेरी आहे, ती होणार.

इमारतीत कुजका वास येत असल्याचं एक जर्मन खेळाडू समाजमाध्यमावर लिहितो. पावसाने काम लांबवलं असं आयोजक सांगतात. रसायनशास्त्र हे काही काटेकोर शास्त्र नव्हे, असं आंद्रादा पत्रकारांना सांगून बसले. ते वाक्य त्या आठवड्यात हिरव्या रंगाइतकंच गाजलं. वास्तविक या प्रकरणात सर्वांत काटेकोरपणे वागलं ते रसायनच. ५ ऑगस्टला जे व्हायला हवं होतं ते त्याने तिथल्या तिथे केलं.

रविवारी सकाळी ११ वाजता दुसऱ्या तलावात तालबद्ध जलतरण सुरू व्हायचं आहे. अजून ४८ तास. तिथे खेळाडू पाण्याखाली उलट्या होऊन, एकमेकींकडे बघत वेळ साधतात, आणि पंचांना पाण्याखालचं दिसावं लागतं. डायव्हिंग गढूळ पाण्यात उरकता येतं, हे येत नाही.

एक जुनी तारीख. रविवार, २६ जून २०११. फॉल रिव्हर, मॅसॅच्युसेट्स.

रंग हा शोभेचा प्रश्न आहे, असं रिओत काही जण म्हणत होते. म्हणून ही तारीख इथे.

फॉल रिव्हरमधला सार्वजनिक तलाव, सरकारी मालकीचा. सर्वांत खोल भाग १२ फूट. हंगाम नुकताच उघडलेला, पाणी गढूळ. दुपारी ३६ वर्षांची एक स्त्री, पाच मुलांची आई, शेजारच्या ९ वर्षांच्या मुलाबरोबर घसरगुंडीवरून पाण्यात आली आणि वर आली नाही. मुलाने जीवरक्षकांना सांगितलं.

तलाव संध्याकाळी नेहमीप्रमाणे बंद झाला.

सोमवार, २७ जून. तलाव उघडला. लोक पोहले. शहराचा आरोग्य निरीक्षक येऊन गेला.

मंगळवार, २८ जून. तलाव उघडला. लोक पोहले. निरीक्षण पुन्हा झालं.

मंगळवारी रात्री काही तरुण कुंपण ओलांडून पोहायला आत शिरले. तेव्हा ती वर तरंगत होती.

तळाची जाळी काठावरून स्पष्ट दिसली पाहिजे, नाहीतर तलाव बंद ठेवायचा, हा सगळीकडचा साधा नियम आहे. त्याला यंत्र लागत नाही. ६० सेंटीमीटर पाण्यालाही तो लागू आहे. दोन-तीन वर्षांच्या मुलाला बुडायला तेवढं पुष्कळ होतं.

शनिवार, १३ ऑगस्ट. अजून २४ तासांच्या आत.

तिसरं कारण आज येतं. केंद्रांच्या व्यवस्थापनाचे संचालक गुस्तावो नासिमेंतो पत्रकारांना सांगतात: उद्घाटनाच्या दिवशी पाण्यात ८० लिटर हायड्रोजन पेरॉक्साइड गेलं. त्याने क्लोरीन निकामी केलं. मग सेंद्रिय पदार्थ वाढले, त्यांत शेवाळही असू शकतं.

दत्तू भोकनळ आज सकाळी क गटाची अंतिम शर्यत जिंकतो. एकूण क्रमांक १३ वा. ललिता बाबर, साताऱ्याच्या माणदेशातली, ३,००० मीटर स्टीपलचेसच्या प्राथमिक शर्यतीत ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करून अंतिम फेरीत जाते. त्या शर्यतीतही वाटेत पाण्याचा एक खड्डा असतो. त्याच्या रंगाबद्दल कोणी काही विचारलं नाही.

औषधाने पाणी निवळायची वाट बघायला वेळ उरलेला नाही. निर्णय होतो: वॉटर पोलोच्या तलावातलं सगळं पाणी काढायचं आणि सरावाच्या वेगळ्या तलावातलं स्वच्छ पाणी त्यात भरायचं. ३७ लाख २५ हजार लिटर. औषधं बदलून बघितल्यावर, नवख्या माणसाचा शेवटचा उपाय.

हा आकडा चेन्नईच्या मापात सांगतो. २०१९ च्या उन्हाळ्यात शहराचे चारही जलाशय तळाला गेले तेव्हा १२ जुलैला जोलारपेट्टैहून पाण्याची पहिली आगगाडी विल्लिवाक्कमला आली. ५० वाघिणी, २५ लाख लिटर. लोक बघायला जमले होते. रिओत एका रात्रीत बदललेलं पाणी म्हणजे अशा दीड गाड्या. अंगणातल्या पुलाचे ४,२०० लिटर त्यापुढे काहीच नाहीत, पण त्या उन्हाळ्यात तण्णी लॉरीची वाट बघत घागरी लावून उभ्या असलेल्या गल्लीत ते ओतून देऊन बघावेत.

१३ ऑगस्ट, रात्र.

पंप लागतात. काम साधारण दहा तासांचं. आधी उपसा, मग भरणी.

रविवार, १४ ऑगस्ट. सकाळचे ११.

तालबद्ध जलतरणाच्या जोड्यांची पहिली फेरी वेळेवर सुरू होते. या तलावाचा तळ दिसतो.

डायव्हिंगच्या तलावाचं पाणी बदललेलं नाही. त्यात औषध आणि गाळणी चालूच आहे. दुपारी तिथे महिलांची ३ मीटर स्प्रिंगबोर्डची अंतिम फेरी होते: शी तिंगमाओला सुवर्ण, हे झीला रौप्य. पदक घेऊन हे झी खाली उतरते तेव्हा तिचा मित्र, स्वतः डायव्हर असलेला चिन काई, गुडघ्यावर बसून तिला लग्नाचं विचारतो. ती हो म्हणते.

स्पर्धा त्याच पाण्यात २० ऑगस्टपर्यंत चालल्या. शेवटची, पुरुषांची १० मीटर प्लॅटफॉर्म. सुवर्ण चेन आयसेनला; त्याचं पहिलं, ८ ऑगस्टचं, निळ्या पाण्यातलं होतं.